स्वरूप संपतबद्दलचा तो मेसेज चुकीचाय, प्लीज पुढे पाठवू नका

आमच्या दादरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय, की 'ये जो है जिंदगी' सिरियलमधली रेणू म्हणजे स्वरूप संपत ही मिस युनिव्हर्स होती, परेश रावलशी लग्न केलं आणि सगळं सोडून कायमची घरी बसली. वर दोन-तीन काकूंनी "अरेरे, वाया गेली" असंही लिहिलंय, ते वाचून खरंच वाईट वाटलं.

आधी किताबाचं. १९७९ला ती मिस इंडिया झाली आणि त्याच वर्षी मिस युनिव्हर्सला भारताकडून गेली, पण तो मुकुट व्हेनेझुएलाच्या मुलीला मिळाला.

सिरियल १९८४ची, दूरदर्शनवरची, त्यात शफी इनामदार तिचा नवरा, राकेश बेदी भाऊ आणि सतीश शाह दर भागात वेगळ्याच रूपात, लेखन शरद जोशींचं (हे हिंदीतले व्यंगकार, आपले शेतकरी संघटनेवाले नव्हेत).

आता घरी बसण्याचं. अहो तिने इंग्लंडच्या वुस्टर विद्यापीठातून पीएचडी केलीय! विषय काय, तर शिकण्यात अडचणी येणाऱ्या मुलांना नाटकातून जीवनकौशल्यं कशी शिकवायची, म्हणजे स्टेजवर जे कमावलं तेच वर्गात नेलं, आणि याला कोणी वाया जाणं म्हणत असेल तर मला ते अजिबात पटत नाही. नावापुढचं डॉक्टर अभ्यास करून मिळवलेलंय.

आणि अ‍ॅक्टिंगही सुटलेली नाही, २०१६च्या 'की अँड का'मध्ये ती करीनाची आई होती, २०१९च्या 'उरी'त विकी कौशलची.