रेकॉर्डिंग दर चार मिनिटांनी का थांबत होतं: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की आमच्याकडून भाड्याने नेलेला ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के कॅमेरा बिघडलेला होता, दर चार-पाच मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप बंद पडत होतं, बुकिंगच्या वेळी आम्ही आमची एसएसडी (फूटेज साठवायची बाहेरून जोडायची ड्राइव्ह) तुमच्या गळ्यात मारायला बघत होतो, आणि ऐंशी वर्षांच्या शाहीर आजोबांना तेच तेच पुन्हा सांगायला लावावं लागलं. पूर्ण भाडं परत मिळावं अशी तुमची मागणी आहे.

आजोबांचं वाचून फार वाईट वाटलं. गाणं पुन्हा गाता येतं, पण आठवण सांगताना पहिल्यांदा जो आवाज लागतो तो दुसऱ्या टेकला लागत नाही, हे डॉक्युमेंटरीवाल्यांबरोबर इतकी वर्षं काम करताना आम्हीही पाहिलंय. म्हणूनच हे उत्तर दोन ओळींत उरकत नाही. पुण्यात डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्म करणारी बरीच मंडळी हाच कॅमेरा आणि स्वतःची एसएसडी घेऊन शूटला जातात, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

आधी कॅमेऱ्याचं. तुमचे असिस्टंट सामान परत द्यायला आले तेव्हा त्यांच्यासमोरच आम्ही तुमच्याच सेटिंगवर, म्हणजे ६के, सेकंदाला २५ फ्रेम्स, ब्लॅकमॅजिक रॉ ५:१ वर (रॉ हा या कंपनीचा रेकॉर्डिंग फॉरमॅट, ५:१ म्हणजे डेटा साधारण पाचपट दाबून; आकडा मोठा तितकी फाइल लहान), आमची १ टीबीची एसएसडी लावून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ती पूर्ण भरेपर्यंत चालू ठेवलं. एकही फ्रेम गेली नाही. मग त्यांच्या परवानगीने तुमची एसएसडी लावली. चार मिनिटं उलटून थोडा वेळ गेला आणि रेकॉर्डिंग थांबलं. लगेच पुन्हा सुरू केलं तर त्याहून लवकर थांबलं. कॅमेरा तोच, केबल तीच, बॅटरी तीच.

असं का होतं ते सांगतो. ब्लॅकमॅजिकच्या मॅन्युअलमध्ये ६केचा डेटा रेट दिलेला आहे: ३० फ्रेम्सला ५:१ साठी सेकंदाला १९४ एमबी. २५ फ्रेम्सला हिशोब केला तर सुमारे १६२ एमबी. तुमच्या ड्राइव्हच्या बॉक्सवर ५०० च्या वरचा आकडा आहे, त्यामुळे १६२ म्हणजे काहीच नाही असं वाटणं साहजिक आहे. पण बॉक्सवरचा आकडा असतो सुरुवातीच्या झपाट्याचा. बऱ्याच स्वस्त ड्राइव्हमध्ये आतली मेमरी क्यूएलसी प्रकारची असते. तिच्या एका सेलमध्ये चार बिट ठासून भरलेले असतात, म्हणून ती स्वस्त पडते आणि म्हणूनच लिहायला मंद असते. हा मंदपणा झाकायला कंपनी मेमरीचा थोडा भाग वेगवान कॅशे म्हणून वापरते. डेटा आधी तिथे जातो, वेग भरपूर दिसतो. कॅशे भरली की डेटा थेट मंद मेमरीवर लिहावा लागतो आणि वेग धाडकन खाली येतो.

कंपन्या हे लपवतातच असंही नाही. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या १ टीबीच्या ड्राइव्हच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलंय, की कॅशे जास्तीत जास्त ४२ जीबी आणि ती संपल्यावर लिहिण्याचा वेग सेकंदाला ८० एमबी. आता १६२ च्या वेगाने ४२ जीबी भरायला किती वेळ लागतो बघा. सव्वाचार मिनिटांच्या आसपास. तुमची ड्राइव्ह वेगळ्या कंपनीची आहे, पण जात तीच. आमच्याकडच्या तपासणीत कॅशे संपल्यावर तिचा वेग शंभरच्या खाली आला. शिवाय तिच्यावर आधीच लॅपटॉपचा बॅकअप होता, अर्ध्याहून जास्त जागा भरलेली. या कॅशेचा मोठा भाग रिकाम्या जागेतूनच काढलेला असतो. जागा कमी तर कॅशेही कमी, आणि दोन टेकमध्ये ती रिकामी व्हायला वेळ मिळाला नाही तर पुढचा टेक आणखी आखूड.

लॅपटॉपला याने काही फरक पडत नाही, फाइल कॉपी व्हायला जरा उशीर होतो इतकंच. कॅमेऱ्याला थांबता येत नाही. पुढची फ्रेम आलेलीच असते, आणि ती ठेवायला जागा नसेल तर ती गेली.

रेकॉर्डिंग 'आपोआप' बंद पडत होतं असं तुम्ही लिहिलंय. ते आम्ही मुद्दाम लावून दिलेल्या सेटिंगमुळे. फ्रेम गळाली तर नुसती सूचना द्यायची की रेकॉर्डिंग थांबवायचं, असे दोन पर्याय या कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये आहेत. आमच्याकडून जाणारा प्रत्येक कॅमेरा 'थांबव' वर लावलेला असतो. नुसत्या सूचनेवर ठेवला तर स्क्रीनवर एक खूण लुकलुकते, मुलाखतीच्या नादात ती कुणाच्या लक्षात येत नाही, आणि फूटेजमध्ये भोकं पडल्याचं एडिट टेबलवर कळतं. तोवर आजोबा गावी परतलेले असतात. सेटवर टेक थांबला तर संताप होतो, मान्य आहे. पण तुमच्याकडे जे चार-चार मिनिटांचं फूटेज आहे ते अखंड आहे. तुमच्या असिस्टंटनी दाखवलेल्या क्लिप्स आम्ही पाहिल्या, त्यात एकही फ्रेम कमी नाही.

शूटच्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा आमच्याकडच्या मुलाने तुम्हाला १२:१ वर, म्हणजे डेटा आणखी दाबणाऱ्या सेटिंगवर, जायला सांगितलं होतं. क्वालिटी जाईल म्हणून तुम्ही नको म्हणालात. १२:१ ला २५ फ्रेम्सवर सेकंदाला ६८ एमबीच्या आत काम भागतं, म्हणजे तुमची ड्राइव्ह कॅशे संपल्यावरही तेवढं पेलू शकली असती. खोलीत बसलेला एक माणूस, स्थिर कॅमेरा, चांगला उजेड: अशा शॉटमध्ये १२:१ आणि ५:१ मधला फरक ओटीटीवरच काय, मोठ्या पडद्यावरही बहुतेकांना ओळखू येणार नाही, असं माझं ठाम मत आहे. झाडांची पानं, पाऊस, यात्रेतली गर्दी असेल तर मी स्वतः ५:१ च सांगेन.

आता गळ्यात मारण्याबद्दल. आमच्या एसएसडीचं भाडं कॅमेऱ्याच्या भाड्यापुढे किरकोळ आहे आणि स्वतःची ड्राइव्ह आणणाऱ्याला आम्ही कधीच अडवत नाही. बुकिंगला एवढंच विचारतो: कुठलं मॉडेल, किती टीबी, आत काही भरलंय का. ब्लॅकमॅजिक स्वतः चालणाऱ्या ड्राइव्हची यादी प्रसिद्ध करतं, तीही आम्ही पाठवतो. पण मी नुसत्या यादीवर विसंबत नाही, कारण नाव तेच ठेवून आतला माल बदलतो. क्रूशियलच्या पी२ या एसएसडीमध्ये सुरुवातीला टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिटवाली, जास्त वेगवान) मेमरी होती, २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी आली आणि वेग कितीतरी कमी झाला. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम प्रो पोर्टेबलच्या काही ड्राइव्ह अचानक दिसेनाशा होण्याच्या तक्रारी आल्या, कंपनीला फर्मवेअरचं, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट काढावं लागलं. म्हणून आमच्याकडे नवीन एसएसडी आली की ती कॅमेऱ्याला लावून शेवटच्या जीबीपर्यंत भरतो. सुरुवातीचा मिनिटभर सगळ्याच ड्राइव्ह शूर असतात. भरत आलेली, तापलेली ड्राइव्ह काय करते ते बघायचं. २०१७ साली आलेली सॅमसंगची टी५ आजही आमच्याकडे मागून नेतात ती याचमुळे. बॉक्सवर आकडा ५४० चाच, पण दिलेला वेग टिकवते. सेकंदाला दोन हजार एमबीवाली ड्राइव्ह घेऊन इथे उपयोग नाही, या कॅमेऱ्याचं यूएसबी-सी पोर्टच ५ गिगाबिटचं आहे, म्हणजे त्यातून सेकंदाला सव्वासहाशे एमबीहून जास्त जाऊच शकत नाही. उलट अशा काही ड्राइव्ह जास्त तापतात आणि कॅमेऱ्याची बॅटरीही जास्त खातात.

केबलचंही सांगून ठेवतो, तुमच्या बाबतीत तो प्रश्न नव्हता तरी. मोबाइल चार्जरची यूएसबी-सी केबल दिसायला सारखीच असते, पण बहुतेकदा यूएसबी २ ची असते. तिच्यातून सेकंदाला चाळीसेक एमबीच जातात. आम्ही आखूड डेटा केबल देतो आणि ती केजला (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीला) क्लॅम्पने आवळून देतो. रेकॉर्डिंग चालू असताना ती हलून निसटली तर चालू क्लिप हातची जाऊ शकते, म्हणून क्लॅम्प काढू नका असं सामानासोबतच्या चलनावरच छापलंय.

भाडं परत करता येणार नाही. कॅमेरा ठीक होता, तपासणी तुमच्या माणसासमोर झाली आणि बुकिंगच्या वेळी ड्राइव्हबद्दलची सूचना तुम्हाला लेखी पाठवलेली आहे. डिपॉझिट त्याच दिवशी पूर्ण परत केलंय.

पण आजोबांची मुलाखत पुरी व्हायला हवी असं मलाही मनापासून वाटतं. ते पुन्हा बसायला तयार असतील तर त्या दिवसासाठी आमच्या १ टीबीच्या दोन एसएसडी बिनभाड्याने न्या. ५:१ ला २५ फ्रेम्सवर एकीत पावणेदोन तासांच्या जवळपास मावतं, म्हणजे मध्ये थांबायला नको. एक भरली की दुसरी लावा आणि पहिली तिथल्या तिथे दोन ठिकाणी कॉपी करून घ्या. तुमची आत्ताची ड्राइव्ह टाकाऊ नाही, त्यातल्या एका कॉपीसाठी ती उत्तम आहे, तिला कॅमेऱ्याला मात्र लावू नका. आदल्या दिवशी दुपारनंतर असिस्टंटना केज घेऊन पाठवा, सगळं जोडून, एक ड्राइव्ह भरून दाखवूनच देतो.