तुकडे केले म्हणजे गुपित राहतं असं नाही

डेटा साठवणुकीवरच्या एका लेखात म्हटलंय की फाईलचे तुकडे वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवले की चोरून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. हे पटलं नाही. नेहमीच्या रीड-सॉलोमन पद्धतीत (काही तुकडे हरवले तरी फाईल परत मिळावी म्हणून जादा तुकडे ठेवतात), उदाहरणार्थ १४ पैकी १० तुकड्यांत, मूळ मजकूर जसाच्या तसा असतो. त्यातला एक सर्व्हर चोराच्या हाती लागला तरी तेवढा भाग सरळ वाचता येतो.

गुप्तता हवी असेल तर यादृच्छिक (रँडम) संख्या मिसळावी लागते. संगणकशास्त्रज्ञ आदी शमीर यांनी १९७९ मध्ये हेच मांडलं. समजा गुपित ४ आणि यादृच्छिक संख्या ५. ५ ला सर्व्हरच्या क्रमांकाने गुणून तीन सर्व्हरवर ४+५, ४+१०, ४+१५ यांना ७ ने भागून उरणारी बाकी ठेवा: २, ०, ५. कुठलाही एकच आकडा पाहून काहीच कळत नाही, दोन मिळाले की गुपित सुटतं.

खरी गोम पुढे आहे आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. पहिला सर्व्हर बंद पडला, तर त्याच्या जागी आलेला नवा सर्व्हर उरलेल्या दोघांकडून ० आणि ५ मागवतो. या दुरुस्तीच्या वेळी जो त्या एका नव्या सर्व्हरवर कान लावून बसलाय, त्याला ४ आयता मिळतो! आणि मोठ्या डेटा सेंटरमध्ये डिस्क बिघडणं रोजचंच.

यावर संशोधक के. व्ही. रश्मी, निहार शाह आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पी. विजय कुमार यांनी २०११ मध्ये फार सुंदर काम केलंय. त्यांच्या एका रचनेत दुरुस्तीसाठी जेवढा डेटा येतो तेवढाच सर्व्हरवर साठतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्तीचं काही मिळत नाही. साठवणुकीला जागा मात्र जास्त लागते. लेखकाने यावर पुढचा भाग जरूर लिहावा.