न तपासता औषध, आणि मागूनही नाही?

नमस्कार ताई,

फ्लूवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्रीच वाचली, पण दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं. बाकीच्या वाचकांसाठी मुद्दा थोडक्यात सांगते. सिंहगड रोडला राहणाऱ्या या ताईंच्या घरी एकाच आठवड्यात दोघांना ताप आला. चार वर्षांच्या मुलीची फ्लूची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, तरी डॉक्टरांनी ओसेल्टामिविरचं, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरच्या औषधाचं, सिरप सुरू केलं. दोन दिवसांनी मिस्टरांना तसाच ताप, तसाच कोरडा खोकला. त्यांची मात्र टेस्ट नाही, ते औषधही नाही, आणि ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मागितलं तर त्यालाही नकार. ताई विचारतात, "हा कुठला न्याय? आणि तुमचा लेख अशाच डॉक्टरांची तळी उचलतो."

तुमचा राग अस्थानी नाही. 'निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका' एवढं एक वाक्य लिहून मी पुढे गेले होते. का विसंबू नये, ते सांगायलाच हवं होतं.

क्लिनिकमध्ये पंधरा-वीस मिनिटांत होणारी ती पट्टीची टेस्ट साथीच्या दिवसांत पॉझिटिव्ह आली, तर बहुतेक वेळा खरी असते. निगेटिव्ह आली तर मात्र फ्लू नाहीच असं म्हणता येत नाही. खरोखर फ्लू झालेल्या दहा जणांतले तीन ते पाच जण तिच्या हातून निसटू शकतात. नाकातली काडी पुरेशी आत गेली नाही किंवा ताप येऊन चार दिवस उलटले असले, तर आणखीच. आरटी-पीसीआर जास्त भरवशाची, पण तिचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, आणि या औषधाकडे तेवढा वेळ नसतो. पेशीत तयार झालेल्या नव्या विषाणूंना ते बाहेर पडू देत नाही. विषाणू घशात, फुप्फुसात पसरल्यावर दार लावून फारसं हाती लागत नाही. म्हणून पहिले 48 तास महत्त्वाचे. तब्येत गंभीर असेल तर त्यानंतरही देतात, पण मुद्दाम थांबायचं नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अडुसष्ट वर्षांचे एक काका आले. मधुमेह, दीड दिवसाचा ताप, अंग मोडून आलेलं. पट्टी निगेटिव्ह आली आणि मी तापाची गोळी देऊन त्यांना घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्यांना धाप लागली. मग ॲडमिट, आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह, दहा दिवस ऑक्सिजन. ते बरे होऊन घरी आले, पण त्या दिवशी औषध न देण्याचा निर्णय माझा होता. तेव्हापासून जोखमीच्या माणसाला लक्षणांवरून औषध सुरू करते, रिपोर्ट मागून येऊ दे.

जोखमीची माणसं म्हणजे पाच वर्षांखालची मुलं, पासष्टीच्या पुढचे, गरोदर बाया, आणि दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले. 3 ऑगस्ट 2009 ला स्वाइन फ्लूनं देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्यांच्या रांगा लागल्या, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. सगळ्यांनाच टेस्ट हवी होती, सगळ्यांनाच गोळी. त्या साथीत सरकारनं रुग्णांचे अ, ब, क असे गट ठरवले: 'अ' सौम्य आजाराचे, 'ब' जास्त ताप असलेले किंवा जोखमीचे, 'क' गंभीर. तुमची मुलगी वयामुळे 'ब'मध्ये येते. मिस्टर धडधाकट असतील, धाप नसेल, तर 'अ'मध्ये. त्यांचा आजार या औषधानं साधारण एक दिवसानं कमी झाला असता, आणि मळमळ, उलटी होण्याची शक्यता वेगळी. त्यांच्या वयाच्या माणसाला कधीच देऊ नये असं नाही, पण न देणं हा निष्काळजीपणा नव्हे.

ॲझिथ्रोमायसिनबद्दल मात्र मी त्या डॉक्टरांच्या बाजूनं ठाम उभी आहे. ते जिवाणूंवरचं औषध, फ्लूच्या विषाणूला ते काहीच करत नाही. ताप उतरला, माणूस उठून बसला आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा थंडी वाजून ताप, छातीत दुखणं, पिवळा बेडका, असं झालं तर जिवाणूंचा न्यूमोनिया असू शकतो. अँटिबायोटिकची गरज तेव्हा पडते.

आता मुलीचं. तापाचा आकडा लिहून ठेवताय, चांगलं आहे, पण त्याहून श्वास बघा. ती शांत झोपली असताना फ्रॉक वर करा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट, अर्धं मोजून दुप्पट नको. तिच्या वयाला 40 किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असला, ओठ निळसर दिसले, लघवी फार कमी झाली किंवा ती उठवूनही धड जागी होत नसली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा. सिरप बाटली हलवून, थोडं खाऊ घालून द्या, आणि ताप उतरला तरी पाच दिवस पूर्ण करा.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि मला तीच खटकली. मिस्टरांना घरात पडलेलं ब्रुफेन दिलंत. पुण्यात पावसाळ्यात फ्लू आणि डेंगी हातात हात घालून येतात. डेंगी नाही हे कळेपर्यंत ब्रुफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. फक्त पॅरासिटामॉल. आणि मुलीला ॲस्पिरिन तर अजिबात नको, फ्लूत त्यानं मुलांच्या मेंदूला आणि यकृताला इजा होऊ शकते.

लेखातलं ते वाक्य मी आज काढून तिथे पूर्ण परिच्छेद घातलाय. तुमच्या हिशेबानं मिस्टरांचा आज चौथा दिवस. ताप अजून तसाच असेल तर अंगावर काढू नका. उद्या सकाळीच त्याच डॉक्टरांकडे जा, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि डेंगीची तपासणी करून घ्या, आणि ब्रुफेन किती वेळा दिलं होतं तेही त्यांना सांगा.