‘नो सिग्नल’ दिसत असेल तर कॅसेट पुसून उपयोग नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

प्रतिक्रियेत तुम्ही नातवाचा उल्लेख केलाय, म्हणून काका म्हणतोय.

जुन्या व्हिडिओ गेमवर चित्र येत नसेल तर काय करायचं, या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलासाठी १९९६ साली घेतलेला गेम तुम्ही नातवाला दाखवायला माळ्यावरून काढलात. डब्याचा लाल दिवा लागतो, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’. माझा लेख वाचून नवा अ‍ॅडॉप्टर आणलात, सगळ्या कॅसेटी पुसल्यात, दोन रविवार घालवलेत आणि हाती काही लागलं नाही. तुमचं म्हणणं असं की तुमच्या वेळी फुंकर मारली की गेम चालायचा, मी मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) वगैरे काढून साध्या गोष्टीचा बाऊ केला. शिवाय निन्टेन्डो कंपनीच्या कॅसेटच्या पाठीवरच अल्कोहोल लावू नका असं छापलेलं असताना मी तेच लावायला सांगतो.

दोन रविवारांची चूक माझी आहे. लेखात मी आधी अ‍ॅडॉप्टर, मग कॅसेट, मग वायर, मग टीव्ही असा क्रम लावून दिला, आणि पडद्यावर नेमकं काय दिसतंय हा सगळ्यात पहिला प्रश्न विचारलाच नाही. ‘चित्र नाही’ हा एक बिघाड नसतो. मुंग्या दिसणं वेगळं, ‘नो सिग्नल’ वेगळं, नुसता करडा पडदा वेगळा.

तुमच्याकडचा डबा, वर्णनावरून, निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉम या गेमच्या डब्याची नक्कल आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी होते ते हेच, ६० पिनांच्या कॅसेटीचे. यात चित्र तयार करणारा भाग कॅसेटची वाट बघत बसत नाही. वीज मिळाली की तो टीव्हीला ओळी पाठवायला लागतो. कॅसेट काढून डबा सुरू केला तर पडद्यावर एकच सपाट रंग येतो, बरेचदा करडा, किंवा चौकोनांचा कचरा दिसतो. टीव्हीच्या दृष्टीने तो सिग्नलच. म्हणजे कॅसेट खराब असेल तर करडा पडदा दिसेल, कचरा दिसेल, पण ‘नो सिग्नल’ची पाटी सहसा येणार नाही. ती पाटी आली याचा अर्थ डब्यातून निघालेलं टीव्हीपर्यंत पोचत नाहीये, किंवा डब्यातून काही निघतच नाहीये. तुम्ही कॅसेट शंभर वेळा पुसली असतीत तरी फरक पडला नसता, आणि हे मी लेखात पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

आता तुमच्या टीव्हीकडे येऊ, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की पिवळी पिन लावायला पिवळं भोक नाही, म्हणून लाल-पांढऱ्याच्या शेजारच्या हिरव्या भोकात लावली. अनेक एलईडी टीव्हींत हिरवं भोक दोन कामं करतं आणि त्याच्याजवळ ‘व्हिडिओ’ असंही बारीक अक्षरात छापलेलं असतं. तसं छापलेलं असेल तर पिवळी पिन तिथेच लावायची, पण रिमोटवरून सोर्स निवडताना ‘कॉम्पोनंट’ नाही, ‘एव्ही’ निवडायचं. ‘कॉम्पोनंट’वर ठेवलंत तर चित्र कृष्णधवल येतं किंवा येतच नाही. तसं छापलेलं नसेल तर टीव्हीच्या कडेला इअरफोनसारखं एक छोटं भोक शोधा, ‘एव्ही इन’ लिहिलेलं. त्याला टीव्हीच्या खोक्यातली वायरच वापरा. बाजारातल्या दिसायला हुबेहूब वायरींत आतल्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो, मग पिवळ्यावर आवाज जातो आणि पांढऱ्यावर चित्र.

टीव्हीची ही बाजू तपासायला मल्टिमीटर लागत नाही. घरात जुना डीव्हीडी प्लेयर किंवा पिवळ्या भोकाचा सेट टॉप बॉक्स असेल तर त्याच वायरीने त्याच भोकात जोडून बघा. त्याचं चित्र आलं तर वायर आणि टीव्ही दोन्ही निर्दोष, डब्याकडे वळायचं. नाही आलं तर डब्याला हातसुद्धा लावू नका.

अँटेनाच्या भोकातून जोडणारे वाचक असतील तर त्यांच्यासाठी एवढंच : त्या वायरीतून डबा जुन्या पद्धतीच्या चॅनलवर चित्र पाठवतो, तेव्हा टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनल शोधायची सोय असायला हवी. बऱ्याच नव्या टीव्हींत ती नसते.

अ‍ॅडॉप्टरबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. तुमच्या बाबतीत तो खर्च वाया गेला हे मान्य. जुन्या अ‍ॅडॉप्टरवरही दिवा लागत होता, म्हणजे निदान वीज आत जात होती. पण अ‍ॅडॉप्टर आधी बघा, हे मी एक डबा जाळल्यानंतर शिकलोय. मित्राचा डबा होता, त्याच्या धाकट्या बहिणीची आठवण असलेला. पिन बसली, ९ व्होल्ट लिहिलंय, बस्स, असं म्हणून मी लावला. दिवा लागला नाही, दहा सेकंदांत जळका वास आला. पिनेच्या आत अधिक आणि बाहेर उणे असलेला अ‍ॅडॉप्टर मी बरोबर उलट जोडणी असलेल्या डब्याला लावला होता. मूळ फॅमिकॉमला आत उणे लागतं. नकलांमध्ये काहींत तसंच, काहींत उलट. अमेरिकेतल्या निन्टेन्डोचा अ‍ॅडॉप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, त्या डब्याला तो चालतो कारण एसीचं डीसी करायची सोय आत आहे. फॅमिकॉमला तोच लावला तर डबा जातो.

तपासणी अशी. डबा विजेपासून सोडवायचा, मल्टिमीटर बीपवर ठेवायचा, एक काडी पिवळ्या भोकाच्या बाहेरच्या धातूच्या कड्याला आणि दुसरी अ‍ॅडॉप्टरच्या भोकातल्या मधल्या पिनेला लावायची. बीप वाजला तर मधली पिन उणे. नाही वाजला तर लगेच उलटा निष्कर्ष काढू नका, डबा उघडून वायर कुठे जाते ते बघा. ती तीन पायांच्या एका काळ्या तुकड्याकडे जाते, त्यावर ७८०५ लिहिलेलं असतं आणि बरेचदा तो पत्र्याला स्क्रूने बसवलेला असतो. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून वीज आत येते, मधला पाय उणे, उजवीकडून ५ व्होल्ट बाहेर पडतात. आता मल्टिमीटर बीपवरून डीसी व्होल्टवर आणा, डबा सुरू ठेवून मधल्या आणि उजव्या पायावर काड्या टेकवा. ५ च्या आसपास आकडा आला तर ठीक. ४ च्या खाली असेल तर दिवा लागूनही चित्र बहुधा येणार नाही. तुमचा दिवा लागतो, म्हणून मी निश्चिंत राहा असं म्हणत नाहीये, ते याचमुळे.

फुंकरीचं. ती मारल्यावर गेम चालायचा, हे मी पण अनुभवलंय, नाकारत नाही. पण चालायचा तो कॅसेट काढून परत घातल्यामुळे. घालताना डब्याच्या पिना कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर घासल्या जातात आणि वरचा थर खरवडला जातो. फुंकरीने त्या पट्ट्यांवर ओल बसते, आणि ती वर्षानुवर्षं बसत राहिली की पट्ट्या काळवंडतात. निन्टेन्डोनेच पुढे ग्राहकांना फुंकर मारू नका असं सांगितलं होतं.

अल्कोहोलबद्दलचा तुमचा आक्षेप वाचून मला आनंद झाला, कारण तुम्ही खरंच कॅसेटची पाठ वाचलीत. तसं छापलेलं असतं, बेन्झिन आणि थिनरच्या जोडीला. तरीही मी आयसोप्रोपिल अल्कोहोलच सुचवेन, पण फक्त धातूच्या पट्ट्यांवर, कापसाच्या काडीला जेमतेम ओल असेल एवढंच, आणि पूर्ण सुकल्याशिवाय कॅसेट घालायची नाही. लेबलला आणि प्लास्टिकला लावू नका. पहिली काडी करडी-काळी होते, तिसरी-चौथी पांढरी राहिली की थांबा. पॉलिश पेपर मात्र कधीही नको, पट्टीवरचा मुलामा एकदा गेला की परत येत नाही.

मूळ लेखाच्या सुरुवातीला ‘पडद्यावर काय दिसतंय’ हा भाग आज रात्री घालतोय. तुम्ही एवढं करा : कॅसेट काढा, सोर्स ‘एव्ही’वर ठेवा, डबा सुरू करा आणि पडद्यावर काय येतं ते इथे लिहा. स्पीकरमधून खरखर किंवा टिक असा काही आवाज आला तर तोही लिहा. टीव्हीचं हिरवं भोक आणि त्याच्या आजूबाजूची अक्षरं वाचता येतील असा फोटो टाकलात तर फारच सोपं होईल.

आणि चित्र आल्यावर नातवाला बदकं मारायचा बंदुकीचा गेम लावून देणार असाल, तर ती बंदूक तुमच्या एलईडी टीव्हीवर नेम ओळखणार नाही. ती जुन्या काचेच्या टीव्हीच्या पडद्यावर प्रकाश ज्या क्षणी उमटतो त्यावर चालते. बंदुकीसाठी डबा पुन्हा उघडू नका, त्यात काही बिघडलेलं नाहीये.