तळपायाची आग

मराठी माणूस पायातलं काढतो ते देवळाच्या दारात, घराच्या उंबऱ्याशी, फार तर पंगतीला बसताना. नवस बोललेला असेल तर घरापासून थेट सिद्धिविनायकापर्यंत. या यादीबाहेर कोणी अनवाणी निघालं की ऐकणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. शनिवारी पहाटे तळ्यावर जातो, पायात काही घालत नाही, बोटीमागे पाण्यावर उभं राहायला शिकतोय, असं मी फ्लोरिडातून आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "कसला नवस बोललायस रे? नोकरी आहे ना?"

नोकरी होती म्हणूनच तर हे चाललं होतं. आमचे साहेब मूळचे विंटर हेवनचे. ओरलँडोपासून तासाभरावरचं हे गाव तळ्यांनी गच्च भरलेलं आहे, आणि अनवाणी वॉटर स्कीइंगचा जन्म इथलाच. दोरी धरून फळ्यांवर उभं राहायचं आणि बोटीनं ओढून न्यायचं, हा उद्योग १९२२ साली मिनेसोटात राल्फ सॅम्युएल्सननं सुरू केला. त्या फळ्या तरी कशाला, हा प्रश्न १९४७ साली विंटर हेवनच्या पोरांना पडला. आधी ए. जी. हॅनकॉक नावाचा सतरा वर्षांचा मुलगा नुसत्या तळव्यांवर उभा राहिला, त्याच्यामागून डिक पोप ज्युनिअर. पोपच्या वडिलांची सायप्रेस गार्डन्स ही बाग होती, तिथे पर्यटकांसमोर स्कीइंगचे खेळ चालायचे, त्यामुळे गाजावाजा पोपचा झाला. आता त्या जागी लेगोलँड आहे. भारतातून पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो, तिकिटाचे दर बघून गार पडतो आणि परत येतो.

साहेब हे शाळकरी वयात शिकले. आता साठी उलटली तरी दर शनिवारी पाण्यावर. मला म्हणाले, "खुर्चीत बसून तुझी पाठ धरते ना? मग ये. इथेही बसायचंच असतं." ऑफिसात वार्षिक मूल्यमापनाचा महिना चालू होता. मी गेलो.

पहिला अपमान बोट सुटायच्या आधीच झाला. साहेबांनी माझं वजन विचारलं. एरवी अमेरिकन माणूस मरेल पण वजन विचारणार नाही. इथे मात्र त्यावाचून गाडं हलत नाही. पाउंडातल्या वजनाला दहानं भागायचं, त्यात २० मिळवायचे, की बोट ताशी किती मैलांनी न्यायची त्याचा अंदाज येतो. मी "साधारण…" म्हणून घसा खाकरतोय तोवर मागच्या सीटवरून हिनं आकडा जाहीर केला, "१८६. कालचं श्रीखंड धरून." ही बोटीत असण्यामागे कायदा आहे. फ्लोरिडात चालकाला मागचं दिसेल असा रुंद आरसा बोटीत नसेल, तर ओढल्या जाणाऱ्या माणसावर नजर ठेवायला दुसरं कोणीतरी बोटीत लागतं. लग्न झालेल्या माणसाला या कायद्यात नवीन काही दिसत नाही.

१८६ पाउंडाचे झाले साडेअडतीस मैल, म्हणजे ताशी ६२ किलोमीटर. मी विचारलं, पहिलीच वेळ आहे, थोडं हळू नाही का चालणार? साहेब म्हणाले, हळू गेलास तर मेलास. फळीच्या मानानं तळवा केवढासा! तेवढ्याशा जागेवर अख्खा माणूस तोलून धरायचा तर पाण्यानं खालून जोरात रेटलं पाहिजे, आणि तो रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग कमी पडला की पाऊल खोल जातं, पावलापुढे पाण्याची भिंत उभी राहते, तिचे फवारे तोंडावर येतात आणि सगळा ओढा मांड्यांवर येतो. वेग वाढला की पाऊल वर येतं आणि मांड्या सुटतात. "हळू जा, सांभाळून जा, पोचलास की फोन कर" यावर वाढलेल्या माणसाला सुखाचा वेग ६२ आहे हे पटायला वेळ लागतो.

पोशाखाचं म्हणाल तर, शरीर हे नऊ दारांचं नगर आहे हे आजोबा गीता वाचताना सांगायचे, तेव्हा मला ते रूपक वाटायचं. ६२ च्या वेगानं पाण्यात आपटलं की नऊच्या नऊ दारं कुठे आहेत ते नेमकं कळतं. डोळे: पडताना घट्ट मिटायचे, नाहीतर पाणी पापणी उलटी करू बघतं. नाक: पाण्याखाली हळूहळू श्वास सोडत राहायचं, म्हणजे आत काही शिरत नाही. कान: एका कुशीवर आपटलं तर पडदा फाटू शकतो, म्हणून बोळे. तोंड: बंद. (हेच मला सर्वांत जड गेलं.) उरलेल्या दारांसाठी वेटसूटच्या, म्हणजे पाण्यात घालायच्या अंगाबरोबर पोशाखाच्या, आत निओप्रीन या रबरासारख्या कापडाची जाड, घट्ट चड्डी असते. ती कशासाठी, असं मी निरागसपणे विचारलं. साहेबांनी हिच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की बुडावर घसरताना वेगानं आलेलं पाणी जी वाट दिसेल तिनं आत जातं, आणि मग ज्या गोष्टीसाठी आपल्याकडे एरंडेल देतात ती औषधाविना होते. मी मुकाट्यानं चड्डी चढवली. तिच्यावर छातीला, पाठीला आणि बैठकीला फोम शिवलेला वेटसूट. त्यात पाण्यावर तरंगता येतं, बरगड्या वाचतात आणि फोटोत माणूस भरल्या वांग्यासारखा दिसतो.

वेळ पहाटेची, कारण पाणी आरशासारखं सपाट हवं. लहानशी लाटसुद्धा टाचेला खडीसारखी लागते. पहाटेची शांतता, धुकं वगैरे सगळं होतं. काठावर एक ओंडकाही होता. फ्लोरिडात अॅलिगेटर, म्हणजे मगरीचे भाऊबंद, तेरा लाखांच्या घरात आहेत आणि एकही काउंटी, म्हणजे जिल्हा, त्यांच्यावाचून नाही. मी ओंडक्याकडे हात करून विचारलं, "तो ओंडकाच आहे ना?" साहेब म्हणाले, "आत्ता तरी."

बोटीच्या कुशीतून आडवा बाहेर काढलेला एक जाड पाइप असतो, त्याला बूम म्हणतात. नवशिक्यानं मागे लांब दोरीवर जायचं नाही, बूमला बांधलेल्या आखूड दोरीवर शिकायचं. एक तर आधार पक्का मिळतो, दुसरं म्हणजे बोटीनं उठवलेली लाट मागे राहते आणि तिसरं, बोटीतून दिलेल्या सूचना ऐकू येतात. हा तिसरा फायदा मला नको होता. हँडल धरून पाण्यात उताणं पडायचं, टाचा दोरीवर ठेवायच्या, पाठीची कमान करायची आणि डोकं मागे पाण्यात सोडायचं. बोट सुटली की अख्खं तळं तोंडावरून वाहायला लागतं. या अवस्थेत काहीही करायचं नाही, हेच तंत्र. घाईनं डोकं वर काढलं तर शरीर नांगर होतं. अंग पाण्याच्या वर घसरायला लागलं की मग डोकं वर, मग हँडल छातीकडे न ओढता उठून बसायचं. हो, बसायचं. बुडावर. पाण्यावरून घसरत.

मग टाचा टेकवायच्या. साहेब ओरडले, "रोवू नकोस, ठेव!" रोवली की टाच ब्रेक लावते आणि माणूस हँडलच्याही पुढे जातो. खांद्यांइतकं अंतर ठेवून, गुडघे वाकवून पावलं अलगद ठेवली की बोटीचा वेग वाढतो आणि पाणीच माणसाला उचलतं. पायाची बोटं मात्र वर वळलेली हवीत. एक बोट जरी खाली झुकलं तरी पाणी ते पकडतं आणि तोंड थेट तळ्यावर बसतं.

उभं राहिलो तेव्हा मी अर्थातच ताठ उभा राहिलो. लहानपणापासून "पोक काढू नकोस, ताठ उभा राहा" हे ज्याच्या पाठीत धपाटे घालून बसवलंय तो दुसरं काय करणार? तर ताठ गुडघ्यांनी इथे प्रत्येक तरंग कवटीपर्यंत पोचतो. हवी असते ती शाळेत गृहपाठ न करणाऱ्याला द्यायचे ती शिक्षा: पाठीला भिंत नाही, खाली खुर्ची नाही, तरी खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. हात सरळ, नजर क्षितिजावर, पायांकडे नाही. पायांकडे पाहिलं की डोकं पुढे येतं, मागोमाग वजन बोटांवर आणि मग आपण तळ्यात.

पडताना आधी हँडल सोडायचं आणि अंग चेंडूसारखं गोळा करायचं, हा नियम मला तोंडपाठ होता. पण पंधरा वर्षं विरार लोकलच्या दांडीला लोंबकळून घडलेला हात आहे हा. सोड म्हटलं की तो आणखी घट्ट धरतो. दुसऱ्या दिवशी कोपरापासून बोटांपर्यंत अशी कळ लागली होती, की लोणच्याच्या बरणीचं झाकण ही उघडून देत होती आणि मी बघत होतो.

पन्नाशीत हे काय, असं म्हणायची सोय विंटर हेवनमध्ये नाही. तिथे कोणीही लगेच बनाना जॉर्जचं नाव काढतं. जॉर्ज ब्लेअर हा माणूस १९१५ सालचा, सदैव पिवळ्या कपड्यांत, भेटेल त्याला केळी वाटणारा. सेहेचाळिसाव्या वर्षी हा खेळ शिकला आणि नव्वदी ओलांडल्यावरही अनवाणी पाण्यावर उभा राहत होता. अंटार्क्टिकाच्या पाण्यावरसुद्धा. असे लोक जगात असतात याला माझी हरकत नाही, फक्त ते आपल्या तोंडावर फेकू नयेत.

तळवे मात्र खरंच पेटतात. एक सलग फेरी नीट झाली की काठावर येईपर्यंत ते लाल झालेले असतात. पाणी जितकं सपाट तितकी आग जास्त. साहेबांचा उपाय बर्फाची बादली. आईचा उपाय काशाची वाटी, आणि ती तिनं खरोखर कुरिअरनं पाठवली. एका शनिवारी साहेबांच्या अंगणात ही माझ्या तळव्यांना तूप लावून वाटीनं चोळत बसली होती. वाटीखाली तूप काळंशार होत जातं, ते पाहून साहेब पुढे वाकले. ती अंगातली उष्णता निघतेय, असं आई म्हणते. धातू आणि तुपाची प्रक्रिया असावी असं मला वाटतं, पण तळवे निवतात हे मान्य. साहेबांनी न बोलता आपला पाय पुढे केला. मूल्यमापन यंदा चांगलं झालं.

त्यानंतरच्या खेपेला हिनं एकाएकी वेटसूट मागितला. "नुसतं बघून कंटाळले," म्हणाली, "आणि तू गुडघे वाकवत नाहीस ते मला इथून दिसतं." मी बोटीत येऊन तिच्या जागी बसलो. ती हँडल धरून पाण्यात उताणी झाली. साहेबांनी सवयीनं विचारलं, "वजन?" ती आकाशाकडे बघत राहिली. साहेब वळून माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "साहेब, किलोचे पाउंड मला कधीच जमले नाहीत."