छडीने घडलेले हार्वर्ड? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

शिक्षकांच्या, पालकांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा. अमेरिकेतील हार्वर्ड कॉलेज १६३६ साली स्थापन झाले, तेव्हा तेथे छडी होती, लॅटिनखेरीज दुसऱ्या भाषेत बोलण्याची सोय नव्हती आणि पहाटेची प्रार्थना चुकवण्याची कोणाची छाती नव्हती. गुरूने मारले तर आईबाप त्याचे आभार मानीत, श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलाला एकच नियम असे, ताटात पडेल ते मुले निमूटपणे खात. या शिस्तीमुळे ते कॉलेज जगात पहिले आले. आपण मात्र छडी मोडली आणि कॉलेजांचे वाटोळे करून घेतले. शेवटी अर्थातच, ‘पटले तर पुढे पाठवा’.

मला पटले नाही, म्हणून पुढे न पाठवता येथे उत्तर देतो.

संदेशात खरे काहीच नाही, असे म्हणता येणार नाही. सन बरोबर आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या जनरल कोर्टाने, म्हणजे न्यायदानही करणाऱ्या तेथील विधिमंडळाने, कॉलेजसाठी ४०० पौंडांचा ठराव केला तो ऑक्टोबर १६३६ मध्ये, जरी प्रत्यक्ष अध्यापन सुरू व्हायला १६३८ उजाडले. लॅटिनचा नियमही खरा आहे: कॉलेजच्या हद्दीत मातृभाषा वापरायची नाही, सिसेरोसारखा रोमन लेखक वाचता आला आणि लॅटिन गद्यपद्य रचता आले तरच प्रवेश मिळेल, असे १६४० च्या दशकातील नियम सांगतात. नव्या विद्यार्थ्याला ही नियमावली जवळ बाळगावी लागे, आणि तिच्यावर कॉलेजच्या प्रमुखाची, म्हणजे प्रेसिडेंटची, सही झाली की तोच त्याच्या प्रवेशाचा दाखला ठरे. तेव्हा नियम कडक होते की नाही, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्या नियमांनी काय साधले याबद्दल, आणि तेथे संदेश लिहिणाऱ्याने कागद उलटून पाहिलेले दिसत नाहीत.

आधी छडीचे पाहू, कारण संदेशाचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

कॉलेजचा पहिला प्रमुख नॅथॅनियल ईटन. त्याच्या हाताखाली ब्रिस्को नावाचा एक साहाय्यक शिक्षक नेमला गेला आणि थोड्याच दिवसांत दोघांचे बिनसले. गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने आपल्या रोजनिशीत पुढचा प्रकार लिहून ठेवला आहे. ईटनने अक्रोडाच्या लाकडाचा, घोड्याचाही जीव जाईल असा, गजभर लांब सोटा घेतला, दोन माणसांकरवी ब्रिस्कोला धरून ठेवले आणि त्याला सुमारे २०० तडाखे दिले. विद्यार्थ्यांनाही एका वेळी २० ते ३० फटके देण्याची त्याची रीत होती. चौकशीत त्याने जे समर्थन केले ते मुळातून वाचण्याजोगे आहे: समोरचा माणूस पुरता नमेपर्यंत मारणे थांबवायचे नाही, हा आपला नियमच आहे, असे तो म्हणाला. फिरत्या संदेशाला हवा असलेला आदर्श गुरू कोणी असेल, तर तो हाच.

त्याचे पुढे काय झाले? आभार मानायला कोणी आले नाही. १६३९ मध्ये जनरल कोर्टाने त्याला बोलावून घेतले, त्याला पदावरून काढले, दंड ठोठावला आणि वसाहतीत शिकवण्याची मनाई केली. विद्यार्थी पांगले आणि ऑगस्ट १६४० मध्ये नवा प्रमुख हेन्री डन्स्टर येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ वर्षभर, कॉलेज बंद पडले. ज्या छडीने हार्वर्ड घडले म्हणतात, तिने पहिल्याच तडाख्यात हार्वर्डला कुलूप लावले होते.

डन्स्टरच्या काळात मार बंद झाला नाही, पण त्याला मर्यादा घालण्यात आली. दोन वेळा समज देऊनही विद्यार्थी मुद्दाम नियम मोडत असेल तर तो लहान असल्यास त्याला शारीरिक शिक्षा, आणि वयाने मोठा असल्यास त्याचे नाव पर्यवेक्षक मंडळाकडे, अशी वाटणी नियमांतच आहे. या कॉलेजात चौदा-पंधरा वर्षांची मुले सर्रास असत, म्हणजे आपल्या हिशेबाने नववी-दहावीतली. ‘कॉलेज’ हा शब्द वाचला की संदेश पुढे पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोटारसायकलवरचा विशीतला तरुण उभा राहतो, आणि त्यालाही असेच बडवायला हवे होते, असा निष्कर्ष निघतो. मूळ नियमाला हे मान्य नव्हते. तो मोडला गेला, हे मात्र खरे: १६४४ मध्ये विशीच्या आसपासच्या दोन विद्यार्थ्यांना खुद्द डन्स्टरने फटके मारले.

त्यांचा गुन्हा पाहिला की संदेशातला दुसरा दावा, म्हणजे भीतीमुळे कोणी वाकडे पाऊल टाकत नव्हते हा, निकालात निघतो. त्या दोघांनी रात्री दोन घरे फोडून सुमारे १५ पौंडांचा ऐवज लांबवला होता, आणि दोघेही धर्मोपदेशकांचे मुलगे होते. धर्मोपदेशक तयार करणे हा ज्या कॉलेजचा एक मुख्य हेतू होता, तेथली ही गोष्ट आहे.

अठराव्या शतकात फटक्यांची जागा बहुतांशी दंडाने घेतली आणि त्या दंडांचे दरपत्रक उपलब्ध आहे. प्रार्थनेला उशीर झाला तर १ पेनी, गैरहजर राहिल्यास २ पेन्स. खोटे बोलल्यास दीड शिलिंग (१२ पेन्सचा एक शिलिंग), दारू पिऊन झिंगल्यासही तेवढाच. आवारात बंदूक किंवा पिस्तूल झाडल्यास अडीच शिलिंग, दुसऱ्याचे कुलूप उघडल्यास ५ शिलिंग. इमारतीच्या छपरावर चढण्याला वेगळा दंड आणि छपरावरचे शिसे कापण्याला वेगळा. ही यादी शिस्तीचा पुरावा म्हणून दाखवली जाते तेव्हा मला नवल वाटते. कोणी शिसे कापलेच नसते, तर ते कापण्याचा दर ठरवण्याची वेळ कॉलेजवर आली नसती. जुनी नियमावली वाचताना ती तक्रारवहीसारखी वाचावी लागते. प्रत्येक कलमामागे कोणीतरी, कधीतरी, ते करून गेलेला असतो. शिवाय दंडाची रक्कम विद्यार्थ्याच्या तिमाही बिलात चढे आणि बिल घरी जाई, म्हणजे गुन्हा मुलाचा आणि भुर्दंड बापाचा. आपल्याकडे हजेरी कमी भरली म्हणून दंडाची पावती फाडून हॉल तिकीट देणाऱ्या कॉलेजांत ही परंपरा अजून सुखाने नांदते आहे. मी स्वतः अशी पावती भरली आहे; पैसे वडिलांचे होते आणि माझ्या हजेरीत त्याने तसूभरही फरक पडला नाही.

भीतीबद्दल आणखी एक प्रसंग. जून १६७४ मध्ये टॉमस सार्जंट या विद्यार्थ्याला, पवित्र आत्म्याविषयी अभद्र बोलल्याबद्दल, कॉलेजच्या ग्रंथालयात सगळ्या विद्यार्थ्यांसमोर फटके मारण्यात आले. फटक्यांपूर्वी प्रार्थना झाली आणि फटक्यांनंतरही प्रार्थना झाली. तेव्हा कॉलेजातच शिक्षक असलेल्या सॅम्युएल स्यूअल याने तो दिवस आपल्या रोजनिशीत टिपला आहे. तेव्हाचे प्रेसिडेंट लेनर्ड होर हे याच कॉलेजचे पदवीधर होते. इतक्या गंभीर विधीनंतर कॉलेजात धाक बसायला हवा होता. प्रत्यक्षात विद्यार्थी होर यांच्या बोलण्याचालण्याच्या नकला करीत होते, त्याच वर्षाच्या अखेरीस बहुतेक जण कॉलेज सोडून निघून गेले आणि मार्च १६७५ मध्ये होर यांना राजीनामा द्यावा लागला.

आता ‘सर्वांना एकच नियम’. हा दावा सर्वांत सोज्वळ दिसतो आणि तोच सर्वांत खोटा आहे. विद्यार्थ्याला केवळ आडनावाने हाक मारावी, असा जुना नियम होता, पण त्यातच अपवाद नोंदवला होता तो फेलो कॉमनरचा, सरदाराच्या थोरल्या मुलाचा आणि त्याहून उच्च कुळातल्यांचा. फेलो कॉमनर म्हणजे दुप्पट शुल्क भरणारा, कॉलेजला चांदीचे भांडे भेट देणारा आणि शिक्षकांच्या टेबलावर बसून जेवणारा विद्यार्थी. बाकीच्यांचा अनुक्रम गुणांवर लागत नसे. १७७२ पर्यंत वर्गाची यादी घराण्याच्या प्रतिष्ठेनुसार लावली जाई, आणि प्रार्थनेला कोण पुढे बसणार व पदवीदानाला कोण पुढे चालणार, हे त्या यादीवरून ठरे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन अ‍ॅडम्स १७५५ च्या तुकडीत, सुमारे पंचवीस जणांत, चौदावे होते. ते अभ्यासात चौदावे होते असा याचा अर्थ नाही. वडील शेतकरी आणि चर्चचे डीकन (धर्मोपदेशकाचे साहाय्यक), म्हणून ते चौदावे. यादीत खालच्या क्रमांकावर ढकलणे ही एक मोठी शिक्षा मानली जाई, कारण त्यात घराण्याची पत जाई. आपल्याकडच्या पंगतीचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना तर आणखी वेगळे नियम होते. त्यांनी वरच्या वर्गातल्यांची कामे करायची आणि आवारात टोपी घालायची नाही. पाऊस, गारा किंवा बर्फ पडत असेल तरच घालायची, तीसुद्धा पायी चालत असताना आणि दोन्ही हात सामानाने भरलेले नसतील तर. ज्याने हे कलम लिहिले त्याने किती पळवाटा पाहिल्या असतील, याची कल्पना करावी.

ताटात पडेल ते निमूटपणे खाण्याची गोष्ट राहिली. ईटनच्या चौकशीत त्याच्या बायकोलाही जबाब द्यावा लागला, कारण विद्यार्थ्यांचे जेवण तिच्याकडे होते. मासे आतड्यांसकट वाढले गेले आणि लापशीत शेळीच्या लेंड्या निघाल्या, अशी तक्रार होती. हे आपल्याला ठाऊक नव्हते, पण आपल्या घरात असे घडल्याची शरम वाटते, असे ती म्हणाली. म्हणजे कॉलेज नुकते सुरू झाले होते, आणि मुले जेवणाबद्दल बोलत होती, आणि वसाहतीचे कोर्ट ते ऐकत होते.

पुढे १७६६ च्या सप्टेंबरात लोण्याचे बंड झाले. नासके लोणी वारंवार पानात पडत होते. एसा डनबार हा विद्यार्थी ट्यूटरपुढे जाऊन उभा राहिला आणि बायबलच्या थाटात म्हणाला की, पाहा, आमच्या लोण्याला दुर्गंधी येते, ज्याला दुर्गंधी येत नाही असे लोणी आम्हांस द्या. त्याला शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी भोजनगृहातून उठून बाहेर पडले, आवारात जयघोष केला आणि गावात जाऊन न्याहारी केली. प्रकरण इतके वाढले की गव्हर्नर फ्रान्सिस बर्नार्ड यांना मध्ये पडावे लागले, आणि शेवटी मुलांनी माफीवर सह्या केल्या. माफी बंडाची होती. लोणी चांगले होते, असे कोणी लिहून दिले नाही. वसतिगृहाच्या मेसमध्ये आमटीच्या तळाशी डाळ शोधलेल्या कोणत्याही माणसाला डनबार परका वाटणार नाही. हा डनबार पुढे अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याचा आजोबा झाला, हे जाता जाता. १८०७ मध्ये असेच सडक्या कोबीवरून झाले आणि १८१८ मध्ये भोजनगृहात काचसामानाची फेकाफेक झाली.

राहिला शेवटचा दावा: शिस्त होती म्हणून कॉलेज मोठे झाले, शिस्त गेली म्हणून कॉलेजे बुडतात. कालक्रम याच्या नेमका उलट आहे. फटके, कानशिलात मारणे, टोपीचे कलम, घराण्यावरून क्रमांक हे सगळे चालू होते त्या काळात हार्वर्ड हे एका वसाहतीतले लहानसे कॉलेज होते. १६४२ ची पहिली तुकडी नऊ जणांची होती. त्याला जगातील विद्यापीठांच्या पंक्तीत बसवले ते मुख्यतः प्रेसिडेंट चार्ल्स एलियट यांच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीने, १८६९ ते १९०९. त्यांनी विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि अडीचशे वर्षे चाललेली प्रार्थनेची सक्ती त्यांच्याच काळात, १८८६ मध्ये, उठली. नियम सैल केल्यानेच ते मोठे झाले, असेही मी म्हणणार नाही. पैसा, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि संशोधन करणारे प्राध्यापक यांचा वाटा त्यात फार मोठा होता. पण छडीला त्याचे श्रेय देणे म्हणजे पीक आल्यावर बुजगावण्याला हार घालणे होय.

आणि आईबाप आभार मानत? १८२३ मध्ये, पदवीदान तोंडावर आले असताना, हार्वर्डच्या शेवटच्या वर्षाच्या ७० विद्यार्थ्यांपैकी ४३ जणांना बंडखोरीबद्दल काढून टाकण्यात आले. त्यांत वर उल्लेख केलेल्या जॉन अ‍ॅडम्स यांचा त्याच नावाचा नातू होता. मुलाचे वडील जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री होते, स्वतः हार्वर्डचे पदवीधर होते आणि शिस्तीच्या बाबतीत घरी अतिशय कठोर होते. त्यांनी कॉलेजच्या प्रेसिडेंटला पत्र लिहून निर्णयाचा फेरविचार करण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही. मुलगा १८३४ मध्ये वारला. कॉलेजने त्याला १८२३ च्या तुकडीचा पदवीधर म्हणून मान्यता दिली ती १८७३ मध्ये.