यॉर्कटाउन जिंकलं कुणी?

न्यू जर्सीला लेकाकडे राहून आल्यापासून बापू पुण्याच्या मे महिन्यातही जाकीट घालतो. काल आतल्या आत उकडत असताना म्हणाला, "अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात साध्या शेतकऱ्यांनी इंग्रजांची, जगातली एक नंबरची फौज लोळवली! यॉर्कटाउन, १९ ऑक्टोबर १७८१!"

मुकुंदानं कटिंग खाली ठेवला. "चेसापीकच्या खाडीच्या तोंडाशी फ्रेंच आरमार अडून बसलं नसतं, तर इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस बोटीत बसून आरामात निसटला असता. शेतकऱ्यांना पगार द्यायलासुद्धा फ्रेंच सेनापती रोशांबोनं पैसे उसने दिले होते."

"आणि अमेरिकेचा हॅमिल्टन? भर रात्री, रिकाम्या बंदुका, नुसत्या संगिनींवर इंग्रजांचा मोर्चा घेतला!" बापूनं छत्री उगारली, आणि शेजारच्या टेबलावरची भजी खाली.

"शेजारचा मोर्चा त्याच रात्री फ्रेंचांनी घेतला. लेकानं तेवढंच सांगायचं ठेवलं वाटतं. आणि तू कशाला संगिनी दाखवतोस? सिंहगडला गाडीत झोपला होतास."

"वर आलो होतो!"

"फोटोपुरता."

नंदूला या सगळ्यात कॉर्नवॉलिसच आवडतो. "शरणागतीच्या दिवशी नेमकी तब्येत बिघडली, तलवार घेऊन हाताखालच्या ओ'हाराला पाठवलं. ऑडिटच्या दिवशी आमचा साहेब अगदी हेच करायचा."

"हसू नका," मुकुंदा म्हणाला. "स्वातंत्र्याच्या आशेनं इंग्रजांकडे पळून आलेले गुलाम होते. अन्न पुरेना, तेव्हा कॉर्नवॉलिसनं त्यांना गावाबाहेर हाकललं. जे हाती लागले, ते अमेरिकन सेनापती वॉशिंग्टननं मालकांकडे परत धाडले."

क्षणभर कुणी बोललं नाही. बापूनं मात्र जाकिटाची चेन खाली-वर केली.

"एवढं हरून कॉर्नवॉलिसचं झालं काय? १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल!" मुकुंदा सुटलाच होता. "१७९१ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणापुढे बैल मेले, माणसं उपाशी, स्वतःच्याच मोठ्या तोफा फोडायची वेळ आली. तेवढ्यात मराठी फौज घेऊन हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन पोचले. वॉशिंग्टननं धरलेला माणूस आपण जेवू घातला!"

"फुकट?" नंदूनं विचारलं.

"छे! लष्करातल्या बाजारात, चढ्या भावानं."

"मग दुकानदार आपल्या पेठेतलेच!"

हसण्यात फ्रेंच, अमेरिकन सगळेच वाहून गेले. तेवढ्यात पोऱ्यानं भज्यांसकट बिल आणलं. बापू कपाळ चोळत उठला, "उन्हानं जरा गरगरतंय रे..."

नंदू मागून ओरडला, "ओ'हाराला तरी पाठवून जा!"